पहिल्यांदा युरोपला जाताय? काय काय बघायचं ते असं ठरवा

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे इंदूरला पुण्याहून पाहुणे आले होते, दोनच दिवसांसाठी, आणि येतानाच मोबाइलमध्ये लिस्ट तयार करून आणली होती, महाकाल, ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू, राजवाडा, लालबाग, छप्पन दुकान आणि सराफा. त्यात सराफा टाकला होता दुपारी बारा वाजता. इंदूरच्या माणसाला ऐकल्याबरोबर कळतं काय चुकलंय ते, दुपारी सराफ्यात सोन्याचांदीची दुकानं उघडी असतात, भुट्ट्याचा कीस आणि गरम जिलबी मिळते ती दुकानांची शटर खाली आल्यावर, रात्री. आणि महाकाल उज्जैनला, म्हणजे उत्तरेला पंचावन्न किलोमीटर, ओंकारेश्वर दक्षिणेला पंच्याहत्तर-ऐंशी, मांडू आणखी तिसरीकडेच शंभरेक किलोमीटर, हे सगळं दोन दिवसांत कसं बसणार?

हे सांगायचं कारण असं की परदेशी जाताना आपण सगळे नेमकं हेच करतो. पॅरिस आणि रोम आपल्याला आपल्या गावासारखं माहीत नसतं, म्हणून नावांची लिस्ट करतो आणि लिस्ट म्हणजेच प्लॅन असं समजतो. प्रत्येक जागेचा एक वार असतो, एक वेळ असते, एक दिशा असते, आणि ती आधी कळली की काय बघायचं हे निम्मं आपोआप ठरतं. गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही पाच जण गेलो होतो, मी, नवरा, आठ वर्षांची मुलगी आणि माझे आई-बाबा, पॅरिस, स्वित्झर्लंडमधलं इंटरलाकन आणि रोम मिळून अकरा रात्री. त्याच्या तयारीला मी दोन-अडीच महिने घालवले, तेच इथे क्रमाने लिहितेय म्हणजे पहिल्यांदा जाणाऱ्यांना सोपं पडेल.

आधी प्रत्येकाला तीनच गोष्टी विचारा

नेट उघडायच्या आधी हे काम करा, कारण एकदा व्हिडिओ बघायला बसलात की चाळीस नावं जमतात आणि त्यातलं आपलं कुठलं तेच कळेनासं होतं. रात्रीचं जेवण झाल्यावर सगळ्यांना कागद द्या आणि सांगा की फक्त तीन गोष्टी लिहा ज्या बघितल्या नाहीत तर परत आल्यावर रुखरुख लागेल. आमच्याकडे आईने लिहिलं बर्फ, मोठं चर्च आणि "निवांत बसायला बाग". मुलीने लिहिलं आयफेल टॉवरचे लाइट. बाबा पीडब्ल्यूडीत इंजिनिअर होते, त्यांनी रोममधलं जुनं घुमटवालं देऊळ, पँथिऑन, लिहिलं, जे माझ्या डोक्यातच नव्हतं आणि ट्रॅव्हल एजंटच्या बारा दिवस आठ देश वाल्या कागदावरही नव्हतं.

तो बारा दिवस आठ देशवाला प्लॅन आम्ही नाकारला. वाईट होता असं नाही, बसमधून सगळीकडे फिरवणार होते, पण प्रत्येक ठिकाणी उतरायचं, फोटो काढायचा आणि चढायचं, म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. घरात सत्तरीचे आई-बाबा असतील तर रोज सकाळी सहाला बॅग भरून बसमध्ये बसणं किती जिवावर येतं त्याचा विचार करा. तीन मुक्काम, प्रत्येक ठिकाणी तीन-चार रात्री, हे माझ्या मते पहिल्या ट्रिपला भरपूर झालं.

मग महिना आणि उजेड बघा

हे कुणी सांगत नाही. पॅरिसला जूनमध्ये सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमाराला, आणि डिसेंबरमध्ये संध्याकाळी पाचच्या आत-बाहेर. म्हणजे तीच जागा, तेवढेच पैसे, पण फिरायला मिळणारा दिवस जवळजवळ निम्मा. आपल्याकडे शाळांच्या सुट्ट्या मे-जूनला असतात त्यामुळे आपलं बरं जमतं. पण त्याची दुसरी बाजूपण आहे. आयफेल टॉवर अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं चमचम करतो, आणि जूनमध्ये अंधारच इतक्या उशिरा पडतो की नीट बघायचं तर रात्री अकराची वेळ धरावी लागते. मुलीची सगळ्यात मोठी इच्छा तीच होती, म्हणून त्या दिवशी दुपारी आम्ही मुद्दाम काही ठेवलं नाही, सगळे हॉटेलवर येऊन झोपलो, संध्याकाळी खिचडी खाल्ली आणि मग टॉवरसमोरच्या ट्रोकादेरोच्या ओट्यावर जाऊन बसलो. अकरा वाजले आणि सगळा टॉवर एकदम हिऱ्यांनी भरल्यासारखा झाला, पोरगी काहीच बोलली नाही, नुसता माझा हात घट्ट धरून उभी राहिली. तेच आम्ही दिवसभर चालून चालून रात्री नेलं असतं तर ती तिच्या बाबांच्या खांद्यावर झोपलेली असती.

ट्युलिपची बाग बघायची असेल तर नेदरलँड्सचं क्योकेनहोफ फक्त साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडं असतं, जूनच्या प्लॅनमध्ये ते टाकू नका. ऑगस्टमध्ये फ्रान्स-इटलीत तिथल्याच लोकांच्या सुट्ट्या असतात, पुष्कळ छोटी दुकानं आणि खाणावळी बंद असतात आणि रोमला ऊन आपल्या मे महिन्यासारखं लागतं. आणि १ मे लक्षात ठेवा, त्या दिवशी लूव्र म्युझियम बंद असतं, इतर ठिकाणीही कामगार दिनाची सुट्टी असते.

नकाशावर टिपके मारा

फोनच्या गूगल मॅपवर जागा सेव्ह करत जा, शहराप्रमाणे वेगळी लिस्ट करा, आणि मग झूम कमी करून नुसतं बघा. टिपके आपोआप गठ्ठ्यांमध्ये दिसतात. राजवाड्याहून विजयनगर, तिथून परत सराफा, परत विजयनगर असं आपण इंदूरमध्ये कधी करत नाही ना, मग तिथे का करायचं. पॅरिसमध्ये नोत्र-दाम आणि सँत-शापेल ही दोन चर्च एकाच बेटावर, चालत पाच-सात मिनिटांवर. लूव्र, त्याच्या पुढची त्युइलरी बाग आणि नदीपलीकडे ओर्से म्युझियम हा दुसरा गठ्ठा. आयफेल आणि ट्रोकादेरो तिसरा. व्हर्सायचा राजवाडा गावाबाहेर, त्याला अख्खा दिवस द्या नाहीतर सोडा. रोममध्ये कोलोसियम, फोरम आणि पॅलाटाइन टेकडी एकाला एक लागून, व्हॅटिकन नदीच्या पलीकडे, आणि मध्ये ट्रेव्ही कारंजं, पँथिऑन, नव्होना चौक हे सगळं पायी फिरण्यासारखं. एक गठ्ठा म्हणजे एक अर्धा दिवस, हे माप धरा. ऑफलाइन मॅप इथूनच डाउनलोड करून घ्या, तिथे नेट कधी दगा देईल सांगता येत नाही.

आता वार. यावर सगळ्यात जास्त वेळ द्या

लूव्र मंगळवारी बंद. ओर्से सोमवारी बंद. व्हर्साय सोमवारी बंद. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद, फक्त महिन्याचा शेवटचा रविवार फुकट असतो आणि तेव्हा गर्दीही तशीच असते. फ्लॉरेन्सचं उफिझी म्युझियम सोमवारी बंद. बुधवारी सकाळी पोपची भेट असते म्हणून सेंट पीटर्स चर्च सकाळी बंद असतं. इटलीतली सरकारी म्युझियमं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट, पैसे वाचतात पण आई-बाबा बरोबर असतील तर मी त्या रांगेत उभी राहणार नाही.

उशिरापर्यंत उघडं कधी असतं तेही बघा, ते फार कामाचं आहे. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत, ओर्से गुरुवारी पावणेदहापर्यंत. संध्याकाळी गर्दी उतरते आणि ऊनही नसतं.

हे मला आधी माहीत नव्हतं. माझ्या पहिल्या प्लॅनमध्ये मी लूव्र मंगळवारी टाकलं होतं आणि सगळा कागद छान रंगीत करून ग्रुपवर टाकलापण होता, नंतर तिकीट काढायला साइटवर गेले तर मंगळवारची तारीख निवडताच येईना. मग पूर्ण पॅरिस पुन्हा मांडलं. म्हणून सांगते, वहीचं एक पान घ्या, वर तुमच्या तारखा आणि वार लिहा, आणि खाली प्रत्येक वाराखाली आधी काय बंद आहे ते लाल पेनने लिहा. उघडं काय ते नंतर. लाल शाई भरली की उरलेल्या जागा जवळजवळ आपोआप भरतात. हे वार आणि वेळा बदलतात, म्हणून निघायच्या आधी त्या त्या ठिकाणच्या स्वतःच्या साइटवर एकदा बघून घ्या, दुसऱ्या कुणाच्या जुन्या लेखावर विसंबू नका, माझ्याही नाही.

व्हिसा कुठे मध्ये येतो?

शहरं आणि रात्री ठरल्याशिवाय व्हिसाचा अर्ज करता येत नाही, म्हणून तेवढं आधी ठरवायचं. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या पुष्कळ देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाला, ज्या देशात सगळ्यात जास्त राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि दोन देशांत सारखेच दिवस असतील तर आधी जिथे उतरणार तिथे. आमचं पॅरिस चार रात्री आणि रोम चार रात्री होतं, म्हणून अर्ज फ्रान्सकडे. निघायच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, कमीत कमी पंधरा दिवस आधी तरी केलेला असावा लागतो, पण सुट्टीच्या दिवसांत अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो त्यामुळे तीन महिने आधी लागा. मोठ्यांची फी ९० युरो आणि ३०,००० युरोचा मेडिकल विमा लागतो. हॉटेलं कॅन्सल करता येतील अशीच घ्या. लंडनही करायचं मनात असेल तर त्याचा व्हिसा पूर्ण वेगळा, वेगळा खर्च, वेगळी फाइल, पहिल्या वेळी माझ्या मते नकोच.

तिकिटं: कुठली आधी, कुठली मागाहून

आयफेलच्या लिफ्टची तिकिटं ६० दिवस आधी उघडतात आणि सुट्ट्यांमध्ये टॉपची तिकिटं भराभर जातात. कोलोसियमची ३० दिवस आधी. अ‍ॅमस्टरडॅमला अ‍ॅन फ्रँकचं घर बघायचं असेल तर दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरची तिकिटं खुली होतात. मिलानमधलं लिओनार्डोचं 'लास्ट सपर' हे चित्र फक्त १५ मिनिटं बघायला मिळतं, थोड्या थोड्या लोकांना आत सोडतात, त्यामुळे त्याचं बुकिंग आधी झालं नाही तर मिलानला कशाला जाताय ते पुन्हा विचारा.

दोन-तीन गोष्टी इथे अडतात. एक, वेळ तिथली असते. उन्हाळ्यात पॅरिस-रोम आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार, म्हणजे तिथे सकाळी नऊला बुकिंग उघडत असेल तर जूनमध्ये आपले साडेबारा. दोन, तुमच्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू केलेत का ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये आधी बघा, नाहीतर स्लॉट हातात असतो आणि पेमेंट होत नाही. तीन, नाव. कोलोसियमचं तिकीट नावाचं असतं आणि आत जाताना ओळखपत्र बघतात, आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, कधी लग्नाआधीचं आडनाव, माझ्या आईचं तर आधारवर एक आणि पासपोर्टवर एक. पासपोर्टवर जसं आहे तसंच टाका, अक्षर न् अक्षर.

डोंगरांचं तिकीट मात्र आधी काढू नका. युंगफ्राउयोख, म्हणजे इंटरलाकनहून बर्फ बघायला वर जातात ती जागा, ३,४५४ मीटरवर आहे आणि ढग असले तर वर नुसतं पांढरं दिसतं, बर्फ कुठला आणि आकाश कुठलं कळत नाही. वरचे लाइव्ह कॅमेरे नेटवर असतात. इंटरलाकनला आम्ही तीन रात्री ठेवल्या त्या एवढ्यासाठीच, म्हणजे मध्ये दोन पूर्ण दिवस. रोज सकाळी उठून बाबा चहा करायच्या आधी फोनवर कॅमेरा बघायचे. पहिल्या दिवशी ढग होते, आम्ही खाली लाउटरब्रुननच्या दरीत धबधबे बघत फिरलो. दुसऱ्या दिवशी स्वच्छ निघालं, लगेच निघालो. आणि आपलं इंदूर साडेपाचशे मीटरवर, त्यामुळे वर गेल्यावर दम लागतोच, हळू चालायचं, हार्ट किंवा बीपीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच जायचं.

दिवसाला किती?

एक मोठं, एक छोटं, आणि मध्ये काहीच नाही. उतरलात त्या दिवशी मोठं काहीच नको, शरीर अजून आपल्याच वेळेवर असतं. इंदूरहून आधी दिल्ली किंवा मुंबई आणि मग पुढचं विमान, म्हणजे घरातून निघून हॉटेलात पोचेपर्यंत अख्खा दिवस गेलेला असतो.

मोठ्या म्युझियमचं मी असं केलं. लूव्रमध्ये सुमारे ३५,००० वस्तू मांडलेल्या आहेत, त्या सगळ्या बघणं कुणालाच शक्य नाही, म्हणून घरूनच चार ठरवल्या: मोनालिसा, पंखवाली विजयदेवी, व्हीनसचा पुतळा आणि बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाचा शिलालेख. पहिल्या दोन देनों नावाच्या भागात, व्हीनस स्यूलीत, शिलालेख रिशलियमध्ये, म्हणजे क्रमही लागला. मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटिमीटरची आहे, आपल्या देवघरातल्या मोठ्या तसबिरीएवढी, समोर प्रचंड गर्दी, पाच मिनिटांत पुढे सरकलो. पण हम्मुराबीच्या त्या काळ्या दगडापाशी कुणीच नव्हतं. सव्वादोन मीटर उंच, वर राजा देवासमोर उभा आणि खाली सगळीकडे बारीक बारीक खुणांनी कोरलेले कायदे, जवळपास पावणेचार हजार वर्षांपूर्वीचे. बाबा वाकून वाकून बघत होते, मुलीला सांगत होते की हे अक्षर आहे, नक्षी नाही. तिथे आम्ही अर्धा तास होतो. अडीच तासांत बाहेर, पाय शाबूत. आणि १८ वर्षांखालच्या मुलांना लूव्र फुकट आहे, वयाच्या पुराव्यासाठी पासपोर्ट जवळ ठेवा.

आई-बाबा आणि मुलं बरोबर असतील तर

प्रत्येक जागेबद्दल हा प्रश्न विचारा: लिफ्ट कुठपर्यंत जाते? सेंट पीटर्सच्या घुमटाला ५५१ पायऱ्या, लिफ्टचं तिकीट काढलं तरी वरच्या ३२० चढाव्याच लागतात आणि जिना पुढे पुढे अरुंद आणि तिरका होत जातो. नवरा आणि मुलगी गेले, आम्ही तिघं खाली चर्चमध्ये बसलो, आणि ते चर्च बघायला पैसे पडत नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, आई साडीत होती तिला कुणी काही म्हटलं नाही, मुलीच्या फ्रॉकवर ओढणी टाकली. सिस्टीन चॅपेलमध्ये फोटो काढायचा नाही. पिसाच्या मनोऱ्यावर ८ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. पॅरिसच्या मेट्रोत पुष्कळ स्टेशनांवर लिफ्ट नाही, जिनेच जिने, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांसाठी बस धरा, खिडकीतून गावही दिसतं. रोममध्ये रस्त्यावर लोखंडी नळ असतात, त्यांचं पाणी पिण्याचं असतं, बाटली भरत जा. खाण्याचं म्हणाल तर सेव, चिवडा, खाकरा खुशाल न्या, पण दुधाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत, पेढे घरीच वाटून टाका.

बाबांचं पँथिऑन आम्ही मुद्दाम पावसाच्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं, हे त्यांनीच सुचवलं. घुमट ४३ मीटर रुंद आणि जमिनीपासून उंचीही तेवढीच, काँक्रीटचा, आत लोखंडाची सळई नाही, आणि जवळपास एकोणीसशे वर्षं उभा आहे. मधोमध वर नऊएक मीटरचं गोल भोक, उघडं. रोममधल्या तिसऱ्या दिवशी दुपारी सर आली आणि आम्ही छत्र्या घेऊन तिकडेच गेलो. आत पावसाचा एक खांबच्या खांब सरळ खाली येत होता आणि बाबा वर न बघता खाली फरशीकडे बघत होते, फरशी मध्ये किंचित उंच आहे आणि बारीक भोकं पाडलीयत, पाणी त्यातून खाली जातं. मला म्हणाले, "बघ, उतार कसा दिलाय." तिकीट ५ युरो होतं.

शेवटचं काम, एका दिवसाला एक कागद

सगळं ठरल्यावर प्रत्येक दिवसाचं एक पान प्रिंट करा, फोनवर आहे म्हणून सोडू नका. वर तारीख आणि वार, खाली बुकिंगची वेळ मोठ्या अक्षरात, हॉटेलचं नाव-पत्ता, जवळचं स्टेशन किंवा बसचा नंबर, आणि खाली "पाऊस आला तर" म्हणून एक ओळ. एक प्रत आईच्या पर्समध्ये, म्हणजे चुकामूक झाली तरी पत्ता जवळ असतो. जे बसलं नाही ते मागच्या बाजूला "पुढच्या वेळी" म्हणून लिहून टाका, आमचं व्हर्साय तिथे गेलं, फ्लॉरेन्सही.

आमच्या पॅरिसच्या मंगळवारच्या पानावर एवढंच होतं: सकाळी नोत्र-दाम, २०१९ च्या आगीनंतर २०२४ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा उघडलंय, आत जायला तिकीट नाही. तिथून चालत सँत-शापेल, साडेअकराचा स्लॉट. दुपारनंतर रिकामं. त्या रिकाम्या वेळात आम्ही लक्झेंबर्ग बागेत गेलो, तिथे हिरव्या लोखंडी खुर्च्या असतात, कुणीही कुठेही ओढून बसावं, पैसे नाहीत. आईने एक खुर्ची तळ्याकाठी ओढली, दुसरीवर पाय ठेवले, आणि पर्समधून सेवेची पुडी काढली.